जोडीतला दुसरा नमदा

(नारीनजवळचं एक गाव. दुपार. जमिनीवर दाबलेल्या जाड लोकरीचे, शिवून झालेले दोन नमदे: एक लाल, त्यावर पांढरी नक्षी, दुसरा पांढरा, त्यावर लाल. सासू बातमा सुईदोरा आवरते आहे. सून कुंदुझ दुसऱ्या नमद्यावर वाकली आहे.)

बातमा: काय बिघडलंय ते तरी सांग. मघापासून नुसती चाचपडते आहेस.

कुंदुझ: बिघडलं काही नाही, अपा. पहिला तर इतका छान झालाय की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बघतच राहतील. हा दुसरा मात्र असा नको होता.

बातमा: असा म्हणजे कसा? दोन्ही एकदमच कापलेत. लाल खाली, पांढरा वर, सुरी एकदाच चालवायची. ह्याचा तुकडा त्याच्या भोकात, त्याचा ह्याच्या. शिरदाक नमदा असाच करतात. पन्नास वर्षं करते आहे. केसभर फट सापडली तर दाखव.

कुंदुझ: फट नाहीये, हीच तर अडचण आहे.

बातमा: घ्या. लोक फट राहिली म्हणून नावं ठेवतात, आमच्या सूनबाईंना फट नाही म्हणून दुःख.

कुंदुझ: मी कागदावर वेगळं काढून दिलं होतं ना? दुसऱ्यात ही खाच वाकडी होती.

बातमा: मला वाटलं तुझा हात हलला. म्हणून मीच सरळ करून घेतली. घरातली चूक कशाला चव्हाट्यावर मांडायची?

कुंदुझ: चूक नव्हती ती.

बातमा: मग नीट समजावून सांग. तीन आठवडे शिवते आहे आणि काय शिवते आहे ते मलाच धड ठाऊक नाही. शेजारच्या सायराला मी सांगून ठेवलंय की दवाखान्यासाठी फुलं करते आहे.

कुंदुझ: हे मोठं गोल म्हणजे बाईच्या बीजकोशातली पेशी. बीजाभोवती अशा पुष्कळ असतात, त्याच बीजाला वाढवतात. तिच्या अंगावर ही खाच. आणि हा छोटा तुकडा येतो डोक्यातून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती रक्तातून हे तुकडे धाडते. निरोपच म्हणा ना. तुकडा खाचेत बसला की पेशीला आतून कळतं, कामाला लागायचं. मग बीज मोठं होतं.

बातमा: एवढंच? हे तर सरळ आहे. मग कागदावर छापलं असतंस की.

कुंदुझ: छापलं होतं. दवाखान्यात येणाऱ्या बायकांना दाखवायला सहा महिने खपले होते मी त्या चित्रावर. बाणच बाण काढले होते. एक बाई बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, हिला इतके बाण कुणी मारले? तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यांना हाताला लागेल असं काहीतरी कर.

बातमा: शहाणी आहे तुझी डॉक्टरीण. आणि हा दुसरा कशासाठी?

कुंदुझ: काही बायकांची खाच जन्मापासूनच वाकडी असते, त्यांच्यासाठी. तुकडा येतो, दारातच अडतो. आत काही कळत नाही. डोकं बिचारं आणखी धाडतं, दसपट धाडतं. पेशी आपली ढिम्म.

बातमा: मग हल्ली सुया देतात ना? बाहेरून आणखी तुकडे सोडायचे.

कुंदुझ: आणखी सोडून काय होणार, खाचच वाकडी तर? तीन वेळा टोचून बघितलं.

बातमा: कुणाला?

कुंदुझ: तुमचा चहा निवतोय, अपा.

बातमा: निवू दे. कुणाला टोचलं तीन वेळा?

कुंदुझ: मागच्या हिवाळ्यात मी कंबरेच्या औषधाला म्हणून शहरात राहत होते. ते कंबरेसाठी नव्हतं.

बातमा: आणि तू परत आल्यावर मी रोज तुझ्या कंबरेला मेंढीची चरबी चोळत होते.

कुंदुझ: बरं वाटायचं त्यानं. खरंच.

बातमा: झऱ्यावर जाऊन आपण झाडाला नवसाच्या चिंध्या बांधल्या, तेव्हा तुला हे माहीत होतं?

कुंदुझ: हो. तुम्ही इतक्या मनापासून गाठ मारत होतात, माझी जीभच उचलेना.

बातमा: बरं, पण खाच तर आहे ना? मग तासून नीट करतात की. एक टोक जरा मागे घ्यायचं. मी शंभरदा केलंय.

कुंदुझ: नमद्यात करता येतं. पेशीवर अशा शेकडो असतात, अपा, आणि सगळ्या एकाच नमुन्यावरून कापलेल्या. तो नमुनाच तसा आहे. जन्माच्या आधीचा.

बातमा: दुसरा काहीच मार्ग नाही?

कुंदुझ: दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं. बिश्केकला करतात. त्यांनी नको म्हटलं.

बातमा: कुणी? तालगातनं? माझ्या मुलाला हे ठाऊक आहे?

कुंदुझ: वसंतापासून.

बातमा: वसंतापासून तो खाणीवरून घरी फिरकलेला नाही. मी आपली म्हणते, काम वाढलं असेल. साऱ्या गावाला तेच सांगत सुटले आहे.

कुंदुझ: मलाही त्यांनी तेच सांगितलं.

बातमा: आत्ता फोन लावते. कान उपटते त्याचे.

कुंदुझ: लावा. मी रोज लावते. वाजत राहतो.

बातमा: माहेरी जायचं ठरवलंयस का?

कुंदुझ: तुम्ही म्हणाल तसं.

बातमा: मी तुला घालवणार नाही, पोरी. पण उद्या त्यानं दुसरी आणली तर दारात आडवी पडेन, असं तोंडदेखलं बोलायचं नाही मला. त्याच्यापुढे आता माझं काही चालत नाही. तुला दिसतंच आहे.

कुंदुझ: हो. दिसतंय.

बातमा: माझ्या आजोळचा लाकडी पाळणा मी परवाच पुसून ठेवला होता.

कुंदुझ: बघितलं मी. अपा, मंगळवारी हे दवाखान्याच्या भिंतीवर लावायचे आहेत. मी पहिला एकटाच नेते. दुसऱ्याच्या जागी कागदावर काढीन काहीतरी.

बातमा: एकटा नाही जायचा. जोडीनं कापलेला आहे. आणि तुझ्यासारख्या ज्या येतील त्यांना काय, हा चांगला दाखवून परत पाठवणार? टाके उसवायला घे. त्या टोकाकडून.

कुंदुझ: तीन आठवड्यांची मेहनत आहे तुमची.

बातमा: उसव म्हणते ना. आणि ती सुरी दे इकडे.

कुंदुझ: ही घ्या.

बातमा: मला मुद्दाम वाकडं कापायची सवय नाही. खाच कशी असते ते तू बोटानं काढून दाखव. तुझी आहे तशीच.