बटण नसलेलं घड्याळ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबराची वाट बघत बसल्या होत्या. मोठीचा गाल चांगलाच सुजला होता.

"साहेब म्हणतायत, तर बसव ना एक बटण."

"कशाला? गेटवरचं घड्याळ सकाळी पुढे आणि सुटायच्या वेळी मागे करायला?"

"हळू बोल. त्याच कारखान्यावर घर चालतं आपलं."

"ताई, जुन्या घड्याळात त्यांनी तेच केलं. तू धावतपळत वेळेवर पोचायचीस, तरी उशिराचा शेरा तुलाच."

"आणि तू बनवलेलं बरोबर कशावरून?"

"त्यातलं नेटवर्कचं छोटं कार्ड इंटरनेटवरून बाहेरच्या सर्व्हरला वेळ विचारतं, आणि चिप तीच वेळ दाखवते. मध्ये कुणाचा हातच नाही."

"नोकरी जाईल गं."

"गेली तर गेली. बटण बसणार नाही."

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

"साहेबच आहेत."

"दे इकडे. हॅलो साहेब, मी तिची ताई, पॅकिंगमधली. घड्याळाला बटण नको, असं आम्ही सगळ्याजणींनी ठरवलंय. हो, सगळ्याजणींनी. ठेवते."

"ताई! कधी ठरवलंत?"

"आत्ता. बाकीच्यांना सांगायचं तेवढं राहिलंय."