बोटीचं टोक

मनकर्णा : आसाराम, ही बोट तू उलटी कोरलीस.

आसाराम : उलटी कशी, बाई? बूड खाली हाय, मानसं वर हायती.

मनकर्णा : तसं न्हाई. टोक गावाकडं झालंय.

आसाराम : मला काय ठावं? मी जात्याला टाकी लावनारा गडी. जलमात बोट बघितली न्हाई, मोबाईलमधल्या फोटूवरनं काढली. मुकादम म्हनले टोक गावाकडं ठेव. ठेवलं.

मनकर्णा : तुमी सांगितलं, भावजी?

छगन : व्हय, मीच. रस्त्यानं जानारा-येनारा बघंल, म्हनंल, मनकर्णाचा भीमा घराकडं निघाला हुता. वंगाळ काय हाय त्यात?

मनकर्णा : वंगाळ न्हाई. खोटं हाय.

छगन : वहिनी, आता इथं हुज्जत नको. दगड उभा झालाय. उद्या नारळीपुनव. कोकनातले दर्याला नारळ देतील, आपुन भीमाच्या नावानं ह्या तळ्याला देऊ, हे तुमीच ठरीवलं. सारं गाव बांधावर येनार हाय.

मनकर्णा : म्हनूनच म्हनते. साऱ्या गावाला खोटं दाखवू नका.

आसाराम : मला जरा सांगा की कुनी. पोरगं वादळात गेलं, एवढंच ऐकून हाय मी.

मनकर्णा : भीमा कोकनात मासळीच्या बोटीवर कामाला हुता, आसाराम. वादळ सुटलं तवा त्याची बोट धक्क्याला लागली हुती. मासळी उतरायची तेवढी बाकी. तितक्यात कळलं, मागं एका बोटीचं इंजन बंद पडलंय. तांडेल म्हनला...

आसाराम : तांडेल कोन?

छगन : बोटीवरचा मुकादम.

मनकर्णा : तो म्हनला, मी माघारी चाललो, ज्याला उतरायचं त्यानं उतरा. धक्क्यावरच्या मानसांनी कानानं ऐकलं हे.

आसाराम : मग?

मनकर्णा : कुनीबी उतरलं न्हाई.

छगन : तेच तर! धक्का पायाखाली हुता, वहिनी! एक पाऊल टाकलं असतं तर आज माझ्या टोळीत कोयता घेऊन उभा असता. आपल्या सात पिढ्यांत दर्या कुनी बघितलावता? ह्याच तळ्यात माझ्या मानंला मिठी मारून पवायला शिकला तो. आन त्यानं उतरू नये?

मनकर्णा : तुमची टोळी कारखान्यावरनं माघारी येत हुती, ते साल आठवतं? दुसऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर ओढ्यात कलंडला हुता.

छगन : त्याचं काय आता?

मनकर्णा : वर ढग फुटला हुता. ओढ्याचं पानी चढत हुतं. कोन उतरलं पान्यात?

छगन : मी उतरलो.

मनकर्णा : आन तुमच्या टोळीतलं कोन गाडीत बसून ऱ्हायलं?

छगन : कुनी न्हाई. बायाबी उतरल्या.

मनकर्णा : भीमा तवा तुमच्या संगं हुता. तिथंच शिकला तो. टोळीचं मानूस अडलं तर मुकादम जातो, आन मुकादम गेला की टोळी जाते.

छगन : वहिनी...

मनकर्णा : त्या बंद बोटीला दोर लावून खाडीच्या तोंडापातूर ओढत आनलं त्यांनी. तिथं दोर तुटला. ती बोट रेतीवर फेकली गेली, मानसं वाचली. आपली लाटंखाली गेली. ती वाचलेली मानसं यष्टीनं इथवर आली, माझ्या पाया पडली. तुमी तवा फडावर हुता. मी त्यांना भाकर वाढली, भावजी. ती जेवत हुती आन मी बघत बसले. म्हनलं, ही माझ्या लेकानं आनलेली मानसं हायती. रडू आलं न्हाई असं न्हाई. पर छाती एवढी भरून आली की रडं आतल्या आत जिरलं.

(आसाराम पायथ्याचं सिमेंट बोटानं दाबून बघतो.)

आसाराम : अजून ओलं हाय, मुकादम. कोरलेलं काय मला पुसता यायचं न्हाई. पर दगड फिरवला, तोंड रस्त्याऐवजी तळ्याकडं केलं, तर टोक आपसूक मावळतीला जातंय.

मनकर्णा : दर्या मावळतीलाच हाय.

आसाराम : पर मग रस्त्यानं बोट दिसायची न्हाई. नुसती दगडाची पाठ.

मनकर्णा : ज्याला बघायची तो बांधावर चढंल.

छगन : थांब, आसाराम, एकटा जोर लावू नको. सरक. मी धरतो... हां, घे. हळू. अजून जरा. बास.

आसाराम : बसला. वहिनींना इचारा.

मनकर्णा : आता बराबर हाय. आता चालली बघा माघारी.

छगन : आन ही पाठ काय अशीच कोरी ठेवायची? इथं साऱ्यांची नावं टाक, आसाराम. तांडेलाचं पयलं.

आसाराम : ती कोकनातली मानसं, मुकादम. आपल्या बांधावर?

छगन : टोळी फोडायची नसती. वहिनी नावं सांगतील.

आसाराम : बरं. आन नावांच्या वर? कायतरी मथळा लागंल. स्वर्गवासी लिहू का?

छगन : नको. लिही, बोट धक्क्याला लागली होती. कोणीही उतरलं नाही.