मांत्रिकाच्या दारात थांबलेली गोष्ट

आदरणीय अध्यक्ष शालिग्रामजी, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या पूर्णिमाताई, आज ज्यांना निरोप देतानाही आपण सगळे अडवू पाहतो आहोत त्या, आपलं वाचनालय सांभाळणाऱ्या वनमालाताई, आणि पंडरीपासून पुरानी बस्तीपर्यंत शहराच्या कानाकोपऱ्यातून या उन्हात आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी मंजिरी, गुढियारीला राहते. भाषणाची सवय नाही; पण ताई लेकीकडे नागपूरला कायमच्या जाणार म्हटल्यावर गप्प कशी बसू?

आपल्या वाचनालयात तलवारी, मांत्रिक आणि शापित किल्ल्यांच्या कादंबऱ्यांचं एक कपाट आहे. हाताळून हाताळून त्यांची पानं सुटली आहेत. मोठ्या माणसांनी असलं काय वाचावं, असं आपल्यातलेच काही विचारतात. माझे सासरे, सगळ्यांचे भाऊ, रेल्वेत गार्ड होते आणि जन्मभर तेच वाचत. गेल्या वर्षी असंच एक पुस्तक अर्धं ठेवून ते गेले.

त्यानंतर आमच्या आई, म्हणजे सासूबाई गोदावरीबाई, बोलेनाशा झाल्या. ताट तसंच परत यायचं. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देईन, भूक कुठून देऊ?"

एका दुपारी वनमालाताई भेटायला आल्या. उशाशी ते पुस्तक होतं. ताई ते न्यायला आल्या असं वाटून आईंनी घाईनं पदराखाली घेतलं. आता सांगा, गेलेल्या माणसाची वस्तू कोण सहज देईल? ताई एवढंच म्हणाल्या, "नेत नाही मी. भाऊ कुठवर आले होते, ते तं पाहू द्या."

आईंची पकड सैल झाली, आणि पुस्तक घेऊन ताई खुणेच्या पानापासून मोठ्यानं वाचू लागल्या. आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. गोष्टीतली तलवारबाज मुलगी एकटीच मांत्रिकाच्या दारात पोचली, तिच्या तलवारीचं पातं तुटलं, आणि नेमकं तिथंच ताईंनी पुस्तक मिटून चपला शोधायला घेतल्या!

"मंग? मेली काय ते पोट्टी?"

आवाज आईंचा होता.

"उद्या सांगतो न," ताई म्हणाल्या.

"उद्या काहून? बसा. मंजिरी, चहा ठेव. मले बी."

ते "मले बी" ऐकून मी ओट्याशी उभी राहून रडले.

ताई रोज येत राहिल्या. ऐकता ऐकता आई वरणभात जेवू लागल्या, ऐन लढाईत त्या मुलीला सूचना देऊ लागल्या. मी एकदा म्हटलं, "आई, हे सगळं खोटं आहे न?"

"मालूम आहे मले. पण इथं वैरी समोर तं येऊन राहिला! तुह्या सासऱ्याले ज्यानं नेलं, ते मले दिसलंच नाही. कोणावर धावू मी?"

अध्यक्षमहाराज, या गोष्टी इतकी वर्षं का टिकल्या, याचं याहून चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

मांत्रिक मेला, पुस्तक संपलं, त्या दिवशी आई पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. "ह्यायले आवडलं असतं," म्हणाल्या. मग डोळे पुसून पुस्तक स्वतःच्या हातानं ताईंच्या हाती दिलं आणि विचारलं, "दुसरं कोणतं आहे?"

ताई, आमच्या घरात बोलणं परत आलं ते तुमच्यामुळे. तुमचे आणि मला बोलू देणाऱ्या मंडळाचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर घरचीच सून म्हणून चूक पदरात घ्या. नमस्कार.