थरथरत्या खांद्यावर देव

मंडळी, ऐका! आज एकच सवाल. घाबरलेला माणूस देवाला चालतो का हो? बोला की! — मागून कुणीतरी 'नाही' म्हणालं. सतरंजीवर बसून शूर होणं फार सोपं असतं, महाराज!

कोकणात आंबेकोंड नावाचं गाव. तिथला रावजी पाष्टे. काय गडी! शिमग्यात देवाची पालखी खांद्यावर नाचवायला लागला, की बघणाऱ्याचे पाय जाग्यावर ठरायचे नाहीत. पण गेल्या वर्षी शेजारगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. रावजी वाचला. त्याचा जिवलग धर्मा गेला. अन् तेव्हापासून — ढोल वाजला, की रावजीचे हात थरथर, छाती धडधड, अंग घामानं ओलं! उठायचा तो थेट गोठ्यात! म्हशीच्या आड!

मग काय, उपायांना तोटा? अंगारा लावला, नारळ उतरवला, मिरच्या जाळून दृष्ट काढली — भूत राहिलं बाजूला, शेजारी खोकून खोकून बेजार! अन् उपदेश तर फुकटच. "विसर आता!" "पुरुषासारखा पुरुष तू!" अहो, विसरणं हातात असतं, तर जावयानं सासुरवाडीचे टोमणे आधी नसते विसरले?

बायको सुगंधा मात्र शहाणी. तिनं त्याला तालुक्याला, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "रावजीभाऊ, तुम्ही भित्रे नाही. गावाला राखणदार असतो ना, तसा एक तुमच्या आत आहे. संकट सरलं, हे त्याला अजून पटलेलं नाही, म्हणून तो ओरडतोय. त्याच्यावर रागावू नका. ढोल ऐकला की त्याला सांगा — ही माझ्या अंगणातली माती, हे माझे पाय, हा समोरचा फणस. श्वास सावकाश सोडा. अन् आत कोंडलंय ते विश्वासाच्या माणसाला थोडं थोडं सांगत जा."

एका दुपारी कुळीथ निवडता निवडता रावजी सुगंधाला म्हणाला, "धर्माचा हात माझ्या हातात होता गं. सुटला. मी 'थांबा, थांबा' ओरडत होतो. पण ढोल वाजतच राहिले. कुणाला ऐकूच गेलं नाही."

सुगंधा जवळ सरकून बसली. रावजी लहान पोरासारखा रडला. अन् मंडळी, त्या रात्री त्याला गाढ झोप लागली!

शिमगा आला! तिथली रीत अशी, की पालखी दारोदारी जाते, अन् अंगणात आणताना घरधनी खांदा देतो. रावजीला तो द्यायचा होता — जिवापासून! गावच्या पोरांनी काय बेत केला? "सगळे ढोल एकदम कडाडून वाजवू! रावजीदाला धरून पालखीखाली घालू! भीती एका दणक्यात पळेल!" वा रे वैद्य! पाय मोडलेल्याला डोंगरावरून ढकला, म्हणजे चालायला लागेल!

पालखी बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी आली. ढोल कडाडले! रावजी पांढराफटक. पाय गोठ्याकडे वळले. दोन पोरं धरायला धावली. रावजीनं फणसाकडे पाहिलं. पाय मातीत रोवले. श्वास सोडला. अन् हात वर करून ओरडला —

"थांबा!"

म्हातारे आपा गुरव, देवाचे पुजारी, त्यांनी काठी उचलली. अन् ढोल थांबले! या खेपेला थांबले हो!

पोरं कुजबुजली, "आपा, देव खोळंबलाय!"

"देवाला कसली घाई? घाई तुम्हाला!" आपा म्हणाले. "रावजी, तुझ्या चालीनं ये, बाबा."

रावजी निघाला. अर्ध्यातून फिरला, ओटीवर बसला. पुन्हा उठला. म्हणाला, "एकच ढोल वाजवा. हळू." एका ढोलवाल्यानं हळूच ठेका धरला. रावजीनं दांडीखाली खांदा लावला. खांदा थरथरत होता. त्या थरथरत्या खांद्यावर बसून देव अंगणात आला! सुगंधानं ओवाळलं, तेव्हा तिला निरांजन दिसेना, इतके डोळे भरलेले.

मग काय, रावजी नाचला का? छे! पालखी पुढच्या घरी गेली, ढोल चढले, तसा तो गेला गोठ्यात. जाऊ दे! म्हशीला कुठं त्रास आहे?

मंडळी, तुमच्याही घरात असेल कुणी — अपघातातून वाचलेलं, आगीतून निघालेलं, मार सोसून आलेलं. त्याला 'विसर' म्हणू नका. शेजारी बसा. ते 'थांबा' म्हणालं, तर थांबा. चला, आता देवाचं नाव घेऊ. पण आज गजर नको, हलक्या आवाजात घेऊ. या मांडवात कोण जीव मुठीत धरून बसलंय, तुम्हाला काय ठाऊक?