नानांचा तिसरा ठोका

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आमच्या चाळीतल्या निम्म्या माणसांचे कान ज्यांनी लहानपणी पिळले त्या माननीय मीनाक्षीबाई. व्यासपीठावर शालीत गुंडाळलेले आणि उकाड्याने हैराण झालेले सत्कारमूर्ती श्रीयुत नाना घाडी. त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि खरं तर त्यांच्याआधी ज्यांना शाल द्यायला हवी होती त्या बकुळाकाकी. पहिल्या रांगेतले त्यांचे चिरंजीव अजितराव. आमच्या खणखणाट वाद्यवृंदाचे संस्थापक कुशाबा. आणि लोअर परळहून चालत या सभागृहात आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

निरोप समारंभात माणसाचे गुण सांगायचे असतात. मी नानांचा एकच गुण सांगणार आहे. नाना आम्हाला नको म्हणाले. सतत, मनापासून आणि वरून.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक पिठाची गिरणी होती. ती बंद पडली आणि त्या खोलीत कुशाबांनी वाद्यवृंद सुरू केला. कुशाबा फ्रिज दुरुस्त करतात. फ्रिज मेला तरी त्याची जाळी वाजते, हा शोध त्यांचा. मग स्कूटरचा सायलेन्सर आला, पंख्याची पाती आली, फुटका कुकर आला. वरळी कोळीवाड्यातून आमच्यात वाजवणारी अपेक्षा मासे धरायच्या जुन्या जाळ्यांचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, घेऊन आली. ते ओल्या दोरीवर घासले की असा आवाज येतो, की ऐकणाऱ्याला आपल्याच घरातलं कोणी आजारी आहे असं वाटतं. मी स्वतः मिक्सरचं भांडं वाजवतो. चांगलं वाजवतो असं म्हणणार नाही, बाई समोर आहेत.

आणि या खोलीच्या बरोबर डोक्यावर कोण राहत होतं? नाना घाडी. परळच्या एका इस्पितळात वॉर्डाच्या दाराशी ज्यांनी सगळी नोकरी केली. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, पण ती पाटी कोणी वाचत नसे, लोक नानांकडे बघत. पन्नास नातेवाईक रडत आले, तरी नानांनी चष्म्यावरून पाहिलं की हुंदका गिळायचे. असा माणूस निवृत्त होऊन घरी आला, पाय पसरून बसला, आणि खालून कुशाबांनी फ्रिजच्या जाळीवरून चमचा ओढला.

नानांनी काय केलं? पोलिसांत गेले? चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली? नाही. नाना स्वयंपाकघरात गेले, खलातला लोखंडी बत्ता उचलला आणि जमिनीवर ठोकला. मित्रहो, वस्तूंचा नवा वापर आम्ही शिकवतो म्हणून वर्तमानपत्रात आमचे फोटो येतात. पण मसाल्याचा बत्ता विरोधासाठी वापरणारा पहिला कलावंत आमच्या वरच्या मजल्यावर होता. काकी तेव्हापासून आलं-लसूण पेल्याच्या बुडाने ठेचतात. म्हणून म्हटलं, शाल आधी त्यांना हवी होती.

पहिला ठोका पडला की आम्हाला कळायचं, आपण ऐकू जातो आहोत. दुसरा पडला की कळायचं, आता जास्त होतंय, आणि मग आम्ही मुद्दाम थोडं जास्त करायचो. तिसऱ्याबरोबर वरून आवाज यायचा, “मेल्यांनो, माणसान जगूचा की नाय?” आणि आम्ही थांबायचो. हळूहळू आमच्या सगळ्या रचना अशाच घडल्या. कुठे सुरू करायचं ते कुशाबा ठरवायचे. कुठे संपवायचं ते नाना. हे इतकं अंगवळणी पडलं, की आपल्याला स्वतःहून थांबता येत नाही हे आमच्या लक्षातच आलं नाही.

ते दादरला लक्षात आलं. आमचा पहिला जाहीर प्रयोग. छान सभागृह, समोर दाढीवाले रसिक, डोळे मिटून बसलेले. आम्ही सुरू केलं. रंगलं. लोकांनी माना डोलावल्या. आम्ही पहिल्या ठोक्याची वाट पाहू लागलो. वर काय होतं? मंगल कार्यालय. त्या दिवशी लग्न नव्हतं. ठोका येणार कुठून? आम्ही वाजवतोय. मी कुशाबांकडे बघतो, कुशाबा छताकडे बघतात. रसिकांनाही वाटलं, छताकडे बघण्यात काही अर्थ असावा, तेही बघू लागले. मग एकेक जण उठून गेला. अपेक्षाची बोटं सोलली. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी दिवे घालवले, आम्ही अंधारात वाजवत राहिलो. शेवटी अपेक्षाने एका हाताने काकींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दुपारची वेळ, नाना झोपलेले. काकींनी त्यांना हलवलं. फोनमधून आमचा आवाज ऐकला मात्र, नाना गरजले, “अरे तिकडे गेलात तरी माझ्याच कानात? गप रवा!”

आणि आम्ही थांबलो. त्या अंधारात मला जे हायसं वाटलं, ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. बाई घड्याळाकडे बघत आहेत.

मी बरंच वाचलेलं आहे. राज्यं कशी उभी राहिली आणि कशी कोसळली, याची जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. त्यांतून एक गोष्ट शिकलो. ज्याच्या डोक्यावर ठोकणारा कोणी उरत नाही, तो आधी बेसूर होतो आणि मग त्याला थांबताच येत नाही. आज विरोध कसा चालतो? नाव लपवून. अॅपवर बोट दाबून. समोर भेटलं की गोड हसून. नानांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या नावाने विरोध केला. आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले की विचारायचे, “काय भाषणवाले, चहा झाला का?”

एकदा पलीकडच्या टॉवरमधून कोणीतरी आमची तक्रार केली. हवालदार आले. कुशाबांच्या हातात सायलेन्सर, ते आणखी संशयास्पद. तेवढ्यात नाना खाली उतरले. बत्ता हातातच होता. हवालदार एक पाऊल मागे सरले. नाना म्हणाले, “साहेब, हे लोक भिकार वाजवतात. पण ही तक्रार माझी आहे. किती वर्षं करतोय मी. टॉवरवाल्यांनी मध्ये पडायचं नाही.” हवालदारांनी टोपी नीट केली आणि गेले. मला सांगा, या शहरात इतक्या प्रेमाने आपल्याला विरोध करणारी किती माणसं उरली आहेत?

आणि हा माणूस आता नालासोपाऱ्याला, अजितरावांकडे राहायला चालला आहे. अजितराव, तुमच्यावर राग नाही. वडिलांना जिना झेपत नाही, तुमच्याकडे लिफ्ट आहे. पण आमच्यावर काय गुदरलंय ते ऐका. नानांच्या खोलीत हर्षवर्धन आणि प्रिती हे तरुण जोडपं येणार आहे. खोली बघायला आले, तेव्हा आम्ही सराव करत होतो. दोघं पेढे घेऊन खाली आले आणि म्हणाले, “काका, थांबू नका. आम्हाला आवडतं.” कुशाबांनी भिंतीचा आधार घेतला. आम्ही त्यांना समजावलं, वर नेलं, हातात बत्ता दिला. प्रितीने ठोकला. चक्क तालात. वरून खाली वाकून विचारलं, “बरोबर पडला ना?”

तिचा काही दोष नाही. भली मुलगी आहे. पण तालात केलेला विरोध काय कामाचा? त्याला साथ म्हणतात, आणि साथ करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

आम्ही नानांचे ठोके रेकॉर्ड करूनही पाहिले. फुकट गेलं. यंत्र ठरल्या वेळी ठोकतं. नाना आम्ही वाईट वाजवलं की ठोकायचे.

हा झाला आमचा स्वार्थ. पण मागच्या आठवड्यात बकुळाकाकी पायरीवर बसल्या होत्या. दोघं चार दिवस नालासोपाऱ्याला राहून आले होते. मी विचारलं, “काकी, कसं आहे घर?” म्हणाल्या, “घर बरा आहे. हवा येते. पण खालचो फ्लॅट रिकामा रे. कुलूप. हे दुपारचे उठले, कान दिला, मग उगाच बत्ता ठोकला. परत कान दिला. मला म्हणाले, बरं आहे, शांत आहे. आणि ताटावरून तसेच उठले.”

नाना, खाली बघू नका. काकींनी चुगली केली असं समजू नका. त्यांना ठोकणारे नाना हवे आहेत.

तेव्हा सभागृहासमोर वाद्यवृंदाचा ठराव मांडतो. तो एकमताने मंजूर झालेला आहे, त्यामुळे चर्चा नको. अजितरावांच्या फ्लॅटच्या बरोबर खालचा तो कुलूपबंद फ्लॅट आम्ही भाड्याने घेतला आहे. येत्या रविवारी सकाळी कुशाबा फ्रिजची जाळी तिकडे नेत आहेत. अपेक्षाने बोये भिजत घातले आहेत. लोअर परळची गिरणीची खोली प्रिती आणि हर्षवर्धन यांना शिकाऊ वाद्यवृंदासाठी दिली आहे. त्यांना डोक्यावर ठोकणारं कोणी मिळेल तेव्हा मिळेल.

अजितराव, आपण उठू नका. ऐकून घ्या. घरमालकांना आम्ही ‘भजनी मंडळ’ असं सांगितलेलं नाही, खरं तेच सांगितलं आहे. ते हसले. त्यांना वाटलं आम्ही विनोद करतोय.

काय म्हणता नाना? माइक जरा त्यांच्याकडे सरकवा. “तिकडे तरी सुखान रवूक देशात की नाय?”

नाही, नाना. नाही देणार.

बघा, बाई, शाल काढून ठेवली त्यांनी. आणि काकी मघापासून पिशवीत काय चाचपत होत्या ते मला आत्ता दिसलं. काकी, हे सभागृह आहे, तो आतच राहू द्या.

असो. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते त्याच जाणोत. या कार्यक्रमाला जागा देणाऱ्या मंडळींचे, चहा करणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ उकाडा सोसणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. भावनेच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमी-अधिक झाला असेल, तर या सभागृहाने मोठ्या मनाने मला माफ करावं.

नानांनी मात्र करू नये.