कॉर्निशवरून होडीत बसून गेल्याबाबत एमिली कोळी यांचा जबाब

जबाब, दोहा, दि. १७ फेब्रुवारी २००६, सायंकाळी ७.१०

नाव एमिली चार्ल्स कोळी, वय ६१, धंदा मासळी सुकवणे व जाळी दुरुस्ती (सध्या बंद), राहणार पाचूबंदर, वसई. सध्या मुक्काम मुलगा ऑल्विन याच्याकडे, मुशैरिब, दोहा.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी तीन महिन्यांपूर्वी व्हिजिट व्हिसावर येथे आले. मुलगा व सून क्रिस्टी दोघे हॉस्पिटलात नोकरीस आहेत. दिवसा मी घरात एकटी असते. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

आज शुक्रवारी दुपारी साडेतीनला ऑल्विनने मला कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या, बागेत बाकावर बसवले. "आय, इथून हलू नकोस. क्रिस्टीला ड्युटीवरून घेऊन येतो," असे म्हणून तो गेला. पाण्यापलीकडे उंच इमारती दिसत होत्या, बऱ्याच अर्धवट, वर क्रेन. थोडा वेळ त्या पाहिल्या. नंतर डावीकडे लाकडी होड्या दिसल्या, म्हणून मी उठून तिकडे गेले. मला कोणी बोलावले नव्हते.

तेथे मुबारक नावाचे म्हातारे गृहस्थ जाळे सांधत होते. ते कतारचेच. त्यांची गाठ सैल पडत होती. मी जाळे त्यांच्या हातून घेतले. "बाई, ये गाठ किधर सीखा?" असे त्यांनी हिंदीत विचारले. ते लहानपणी मोत्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर मुंबईस येत. वडील पायाला दगड बांधून मोत्यांसाठी बुडी मारत आणि थोरला भाऊ वर दोर धरून बसे, असे त्यांनी सांगितले.

त्यांनी माझ्या पतीबद्दल विचारले. पती १९८७ साली समुद्रात गेले ते परत आले नाहीत, असे मी सांगितले. मग मी जाळे पुरे केले.

त्या सालापासून मी होडीत पाय ठेवलेला नाही. आज मीच म्हटले, "मेरे को बैठने का है." त्यांनी दोनदा विचारले, "पक्का?" मग हात देऊन मला आपल्या होडीत घेतले व होडी पाण्यात काढली. मी पाणी चाखून पाहिले. आमच्याकडच्यापेक्षा खारट आहे.

पावणेसहाला धक्क्याला लागलो तेव्हा पोलीस उभे होते. ऑल्विन रडत होता. सव्वाचारला बाक रिकामा आणि मला लांब होडीत बसलेली पाहून, एक माणूस आईला होडीत घालून घेऊन गेला, अशी त्याने तक्रार दिली होती. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. त्याचे वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

मुबारक यांनी मला पळवले नाही, जबरदस्ती केली नाही. माझी काही तक्रार नाही. मुलाने आपली तक्रार मागे घेतली आहे. आता बाहेर तो त्यांच्याशेजारी बसला आहे, दोघे चहा पीत आहेत. मुबारक यांना आजच घरी सोडावे.

होडीत भीती वाटली का, असे साहेबांनी विचारले. नाही. मुबारक पाच वाजताच परत फिरले होते. धक्का जवळ आल्यावर मीच त्यांना आणखी एक फेरी मारायला लावली. उशीर झाला तो माझ्यामुळे.

हा जबाब दुभाषी शोभाताईंनी मराठीत लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच यात आहे. खाली माझी सही आहे.

एमिली चार्ल्स कोळी