कितवीला आहेस गं?

...नाही, मला एक सांगा, लहान पोर दिसलं की माणसांना दुसरं काही सुचतच नाही का हो? म्हणजे पोरगी समोर उभी आहे, हातात जिवंत खेकडा आहे, खेकड्याला दोरा बांधलाय, केसांत अर्धं रान अडकलंय, आणि विचारायचं काय? ‘कितवीला आहेस गं?’ अरे, खेकड्याचं विचारा ना! कुठं सापडला, चावत कसा नाही, दोरा कुणी बांधला... छे! ‘कितवीला आहेस गं?’ आणि आमची पोरगी शांतपणे सांगणार, ‘कितवीलाच नाही.’ झालं! समोरच्याचं तोंड असं होतं, जसा काही वरणात केस सापडला!

तुम्हाला सांगते, ही पोरगी म्हणजे सुरभी, माझी भाची, मिलिंददादाची मुलगी. आणि तिला शाळेतून काढणारी बाई म्हणजे माझी वहिनी, स्नेहल. आता मी नणंद. नणंदेनं वहिनीबद्दल काय बोलायचं असतं ते का मी सांगायला पाहिजे? पण बोलत नाही. खोपोलीला दिलंय मला, दर रविवारी माहेरी येते, कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या रस्त्याला आमचं गाव, आणि दर रविवारी कुणीतरी मला फाट्यावरच गाठतं, ‘काय गं भाग्यश्री, तुझ्या वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे?’ मी म्हणते, झालाय! चांगला झालाय! तुमच्याही होवो!

बरं, वहिनी अडाणी असती तर गोष्ट वेगळी. बी.एड. झालेली बाई! खोपोलीच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत शिकवत होती, आणि सुरभी तिच्याच वर्गात. सकाळी दोघी एकाच व्हॅनमधून जायच्या, एकाच व्हॅनमधून यायच्या. सगळं गाव म्हणायचं, नशीब काढलं पोरीनं. आणि एका रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलेलो, आई भाकरी थापतेय, वहिनी वाढतेय, आणि सुरभी मधेच उठून उभी राहिली. करंगळी वर केली. उभीच! कुणाचं लक्ष नाही. मग म्हणते कशी, ‘मिस, मे आय गो?’

घरात! स्वतःच्या घरात!

दादा हसला. आई हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? वहिनी नाही हसली. म्हणाली, ‘अगं जा ना, घरात कुणी विचारतं का?’ तर पोरगी म्हणाली, ‘न विचारता गेलं की मिस ओरडतात.’ वहिनीनं विचारलं, ‘कुठल्या मिस?’

पोरगी म्हणाली, ‘तू.’

...पळी तशीच राहिली हो वहिनीच्या हातात. कालवण ठिबकतंय जमिनीवर. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली ती राजीनामा द्यायला. येताना पोरीचंही नाव काढून आली. एका दमात दोन्ही कामं!

मग काय विचारता! आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कोंडीराम, भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेला माणूस, आवाज असा की टर्बाईन चालू असताना पलीकडच्याला ऐकू जायचा, ते उभे राहिले बैठकीच्या खोलीत. ‘माज्या बापाला शाळंच्या पायरीखाली बसवायचे! पायरीखाली! ऐकून ऐकून शिकला त्यो! आन् मी डबल डुट्या केल्या त्या कशापायी? पोरं शिकावीत म्हनून! आन् तू माज्या नातीला शाळंतनं काडतेस? त्या फोटोकडं बगून सांग मला!’

वहिनीनं फोटोकडं बघितलं. नीट बघितलं. भिंतीवर बाबासाहेब. आणि म्हणाली, ‘अण्णा, त्यांनी शिका म्हणून सांगितलं. करंगळी वर करून उभं राहा, असं कुठं सांगितलं?’

आई गं! मी तर स्वयंपाकघरात पळाले. त्या दिवसापासून अण्णा सुनेशी बोलायचे बंद. म्हणजे बोलायचे, पण सुरभीमार्फत! ‘तुज्या आयला सांग, आमटीत मीठ कमी हाय.’ वहिनी हातभर अंतरावर बसलेली! आणि ही पोरगी निरोप्यासारखी वळून सांगणार, ‘आई, आजोबा म्हणतात मीठ कमी आहे.’ ‘आजोबांना म्हणावं, डॉक्टरांनी कमी सांगितलंय.’ हे वर्षभर! मी म्हटलं, पोरीचं संभाषणकौशल्य तरी वाढतंय!

आणि शिकत नव्हती का ती? शिकत होती! मराठी वाचायला कशी शिकली, सांगू? फ्लेक्सवरून! आजोबांच्या बोटाला धरून कर्जतच्या बाजारात जायची, तिथं काय, प्रत्येक खांबाला एक पुढारी. ‘भावी नगरसेवक’, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. जोडाक्षरं अशी पक्की झाली की विचारू नका! फक्त एकदा भर बाजारात विचारलं, ‘आजोबा, तुमचा श्रद्धांजलीचा कधी लागणार?’ अण्णा भाजी न घेताच घरी आले.

पण लोक ऐकतात का? आमच्या खोपोलीला बारशाचा कार्यक्रम, माझे दीर रुपेशभाऊजी, त्यांनी पोरीला पुढ्यात उभी केली. ‘कितवीला आहेस गं?’ कितवीलाच नाही. ‘असं? मग सतराचा पाढा म्हण.’ पोरगी म्हणाली, ‘येत नाही.’ ‘येत नाही? मग दिवसभर करतेस काय?’ ‘आज बारशाला आलेय. काल मधमाश्या बघितल्या.’ सगळा हॉल हसला. आणि मी वहिनीकडं बघितलं, म्हटलं आता ही मान खाली घालणार. नाही घातली! पोरीला जवळ घेतलं आणि भाऊजींना म्हणाली, ‘नाही येत तिला. लागेल तेव्हा शिकेल. अजून काही?’

पण तुम्हाला सांगते, त्यांना गावाला सोडायला निघाले तेव्हा माझ्या स्कूटीवर मागं बसून हळूच म्हणाली, ‘भाग्या, चुकत असेन का गं मी? खरंच लागला पाढा, आणि आलाच नाही तर?’ मला येतो सतराचा पाढा. आजपर्यंत एकदाही लागला नाही, पण हे तिला सांगायचं राहिलं, पुढं गुरं आली.

आता खरी गंमत ऐका. म्हणजे गंमत कसली... गावच्या शाळेचा पट घटला! घटणारच, ऐपत असलेल्यांची पोरं व्हॅनमधून कर्जतला, राहिली ती वरच्या वाडीवरची, ठाकर आदिवाशांची. वरून हुकूम आला, पोरं वाढवा नाहीतर शाळा बंद, मुलं नदीपलीकडच्या शाळेत पाठवा. नदीपलीकडं! पावसाळ्यात साकव पाण्याखाली असतो! मग पोरं काय पोहत जाणार?

लगेच आमच्या अंगणात सरपंच मालोजी हजर, सोबत शाळेच्या नम्रता मॅडम, बिचाऱ्या चप्पल काढून कडेला उभ्या. मालोजी म्हणतो, ‘वैनी, एक पोर कमी पडतंय, सुरभीचं नुसतं नाव टाका. पोरगी आली नाय तरी चालंल. हजेरीचं आमी बगतो.’

वहिनी म्हणाली, ‘खोटं नाव टाकणार नाही.’

‘आवो, तुमची पोर तशी मोकळीच हाय ना!’

‘मोकळी आहे म्हणून भाड्यानं द्यायची का?’

मालोजी तणतणत गेला. नम्रता मॅडमनी चप्पल घातली, ‘येते’ म्हणाल्या. आणि मग अण्णा, वर्षभरात पहिल्यांदा थेट सुनेला बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ‘सूनबाय, त्या शाळंच्या जोत्याचे दगड मी डोक्यावरनं वायलेत.’ एवढंच. आणि उठून गेले.

त्यावर कडी म्हणजे ठमी आली. वरच्या वाडीवरची, रानभाजी विकायला येते, तिची धाकटी त्याच शाळेत जाते. भाजीची पाटी ठेवली आणि वहिनीला म्हणाली, ‘तुज्या पोरीला घरात शिकलेली आय हाय. ती घरी बसली तरी शिकंल. माजी घरी बसली तर लाकडं आनंल. माज्या पोरीला ती मॅडम सोडून कोन हाय, सांग?’

वहिनीकडं सगळ्यांना उत्तर असतं हो. अण्णांना होतं, भाऊजींना होतं, सरपंचाला होतं. ठमीला? बाई भाजी निवडत बसली ती बसलीच, चांगली पानं टाकून देठ ठेवतेय! मी म्हटलं, वहिनी, घाल बाई नाव, वर्षाचा प्रश्न आहे. तर म्हणते, ‘एक खोटं नाव घालून वाचलेली शाळा पुढच्या वर्षी दुसरं खोटं नाव मागेल. खरी पोरं पाहिजेत, भाग्या.’

आणि कोपऱ्यातून आवाज आला, ‘शाळेला पोरं पाहिजेत? फार्महाऊसवाली चालतील का?’

सुरभी! आता आमच्याकडं फार्महाऊस म्हणजे पावलापावलाला. मालक मुंबईचे, शनिवारी उगवतात, सोमवारी मावळतात. पण मागच्या खोलीत वॉचमनचं कुटुंब बारा महिने राहतं, कुणी नेपाळचं, कुणी यूपीचं, आणि त्यांची पोरं गेटच्या आत! गावात कुणाला पत्ता नाही. हिला मात्र सगळी ठाऊक! कुणाचं नाव काय, कुणाच्या घरी मोमो होतात, कुठल्या कुंपणाला भोक आहे, सगळं! दिवसभर रानोमाळ भटकत होती ना, त्यांच्यातच तर खेळायची!

मग निघाली आमची वरात. स्कूटी माझी, मागं वहिनी, पुढं उभी सुरभी, ‘आत्या, डावीकडं! आत्या, कुत्रा आहे, पण चावत नाही!’ आणि विचार करा हो, स्वतःच्या पोरीला शाळेतून काढणारी बाई दारोदार दुसऱ्यांची पोरं शाळेत घालत फिरतेय! मी म्हटलं, हे कुणी विचारलं तर काय सांगशील? म्हणाली, ‘कोण विचारतंय!’

पहिल्याच गेटवर विचारलं! नेपाळी वॉचमन सगळं ऐकून घेतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘अच्छा है मॅडमजी. आपकी बेटी कौनसी क्लास में है?’

हिंदीतसुद्धा तेच! नेपाळपर्यंत पोचलाय हा प्रश्न!

मी म्हटलं, संपलं, वळवा स्कूटी. पण वहिनी! तिचं हिंदी म्हणजे तुम्हाला सांगते... ‘भैया, झूठ नहीं बोलेगी मैं. मेरी लडकी शाळा में नहीं जाती. लेकिन उसने शाळा देखी, फिर नको बोली. तुम्हारे बच्चे ने तो देखीच नहीं. नको बोलने के लिए भी पहले मिलना मंगता है ना!’

वॉचमन डोकं खाजवतोय. पण त्याची बायको आतून बाहेर आली, पोराला पकडलं आणि तिथंच तेल लावून भांग पाडायला बसली!

अंगात बळ आलं हो आमच्या. दुसरं गेट, तिसरं गेट... एक मालक फोनवर गुरकावला, ‘माझ्या माणसाची पोरं गेटबाहेर जाणार नाहीत.’ वहिनी फोनवर म्हणाली, ‘पोरं तुमची नाहीत, गेट तेवढं तुमचं आहे,’ आणि ठेवला! सोमवारी नम्रता मॅडमच्या वर्गात फार्महाऊसची पोरं रांगेनं हजर, ठमीच्या पोरीशेजारी बसलेली. शिक्षण खात्याचे साहेब आले, मोजून गेले. शाळा वाचली. यंदापुरती म्हणा, पण वाचली!

आणि मग? मग झाला घोटाळा! सुरभीचे सगळे दोस्त शाळेत! खेळायला कोण? एक दिवस कुंपणावर बसली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीत. तिसऱ्या दिवशी आत! नम्रता मॅडम म्हणतात, बसू दे. मनाला येईल तेव्हा येते, वाटेल तेव्हा उठते, आणि सगळ्यांना एकमेकांच्या भाषा समजावून सांगते. आता जवळजवळ रोज जाते. पटावर नाव नाही, पण पोरगी शाळेत! वहिनी सकाळी डबा भरून देते, आणि मी नुसतं बघितलं तरी म्हणते, ‘शाळेत नाही काही, खेळायला चाललीय!’

परवा अण्णांनी मला बाजूला घेतलं. ‘आपन जिंकलो. पर सुनेला बोलू नको, तिला कळलं तर हट्टानं पोरीला परत घरी बसवंल.’ मी बरं म्हटलं. तासाभरात वहिनीनं बाजूला घेतलं. ‘भाग्या, बघितलंस? न विचारता जाते, न विचारता येते, आपण जिंकलो. पण अण्णांना बोलू नको, म्हातारं मन आहे, लागेल त्यांना.’ मी बरं म्हटलं.

म्हणजे दोघंही जिंकले, दोघंही खूष, आणि तोंड बंद ठेवायचं कुणी? मी! सगळ्या घरात नेमकी मी!... आता तुम्हीच बघता आहात, कसं जमतंय ते.